एका पुस्तकाचा फेरा

(८ मार्चच्या निमित्ताने वणी येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण)



पत्रिकेवर माझ्या नावापुढे 'स्त्रिया आणि वाचन' असा विषय छापला आहे. तो मला झेपणारा नाही. मी साहित्याची नाही, समाजकार्याची विद्यार्थिनी. म्हणून मी एकाच पुस्तकाबद्दल बोलणार आहे, आणि तेही त्या पुस्तकाच्या एकाच प्रतीबद्दल.

पुस्तक आहे कविता महाजन यांची 'ब्र' ही कादंबरी. राजहंस प्रकाशनाने ती २००५ मध्ये काढली. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी वाचली असेल. संसारातून बाहेर पडलेली प्रफुल्ला एका संस्थेत नोकरीला लागते आणि आदिवासी भागातल्या ग्रामपंचायतींतल्या बायकांना भेटत फिरते, एवढं सांगितलं की बाकीच्यांनाही अंदाज येईल. 'ब्र' काढणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. न काढायचं मात्र सगळ्याच शिकवतात.

ही प्रत मी २०११ मध्ये नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवर ८० रुपयांना घेतली. तेव्हा मी एम.एस.डब्ल्यू. करत होते. वसतिगृहात आम्ही पाच जणी होतो आणि प्रत एकच, म्हणून रात्री पाळी लावून वाचायचो. भांडायचोही. एक म्हणायची, ही आपलीच गोष्ट आहे, क्षेत्रकार्याला गेल्यावर आपल्यालाही हेच दिसतं. दुसरी म्हणायची, पण सगळं शहरातून आलेल्या बाईच्या डोळ्यांनी, त्या सरपंच बाईला लिहायला दिलं असतं तर तिने आपल्याबद्दल काय लिहिलं असतं? हे भांडण आजही मिटलेलं नाही. मला स्वतःला दुसरीचं जास्त पटतं, आणि तरीही पुस्तक जीव लावतं.

पुढे पांगलो. एक पुण्याला नोकरीला लागली. तिघी लग्न होऊन देशाबाहेर गेल्या : एक दुबईला, एक जर्मनीत श्टुटगार्टला आणि एक अमेरिकेत न्यू जर्सीला. मी वणीला परत आले. आम्ही एकमेकींना गावाच्या नावानेच हाक मारतो, म्हणून इथेही तीच नावं वापरते. त्यांची खरी नावं सांगणार नाही, आणि काही तपशील मी मुद्दाम बदलले आहेत. जिची गोष्ट आहे तिला विचारूनच हे बोलते आहे.

२०१४ मध्ये पुण्याने टूम काढली की पुस्तक फिरवायचं. प्रत्येकीने दोन महिने ठेवायचं, समासात पेन्सिलीने लिहायचं, खाली गाव आणि तारीख टाकायची आणि पुढचीला पोस्टाने पाठवायचं. वणी, पुणे, दुबई, श्टुटगार्ट, न्यू जर्सी आणि परत वणी. व्हॉट्सॲप तेव्हाही होतं आणि आमचा ग्रुपही होता. पण ग्रुपवर काय असतं? वाढदिवस, मुलांचे फोटो, दिवाळीचा फराळ. समासात मात्र माणूस वेगळं लिहितं. का, ते मला नीट सांगता येत नाही. लगेच उत्तर येणार नाही हे माहीत असतं म्हणून असेल.

न्यू जर्सीला पहिल्यांदा मीच थेट एक पार्सल पाठवलं होतं, पुस्तकाआधी, तिच्या बाळाच्या झबल्यांचं. त्यामुळे पोस्टातला कस्टमचा कागद मला ठाऊक होता : आत काय आहे, वजन किती, किंमत किती. पुस्तक जेव्हा नेलं तेव्हा काउंटरवरच्या ताईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं. म्हणाल्या, "कायले पाठोता जी इतकं फाटकं पुस्तक? तिकडं पुस्तकं नाई भेटत का?" किंमतीच्या रकान्यात मी ८० लिहिलं. पोस्टाचा खर्च त्याच्या कितीतरी पट झाला. त्या हसल्या, मीही हसले.

एक गंमत सांगते. आपल्याकडे जुन्या बुक पोस्टाचा नियम असा होता की पाकिटाची टोकं उघडी ठेवायची, म्हणजे आत पुस्तकच आहे हे पोस्टाला बघता येईल, आणि आत खासगी पत्र घालायचं नाही. पत्र असेल तर पत्राचे पैसे भरा. वणी ते पुणे मी पुस्तक त्याच दराने पाठवायचे. आता समासात पेन्सिलीने भरलेल्या पाचपाच बायकांच्या कथा हे पत्र धरायचं की पुस्तक? आम्ही पोस्टाला विचारलं नाही.

काय लिहायचो आम्ही? सुरुवातीला कादंबरीबद्दल. मग घसरत घसरत स्वतःबद्दल. दुबईने लिहिलं, इथे पोस्टमन घरी येत नाही, टपाल पोस्टबॉक्सवर येतं आणि पोस्टबॉक्स नवऱ्याच्या कंपनीचा, तेव्हा तुमचं पुस्तक साहेबांच्या टेबलावरून माझ्यापर्यंत आलं. तिचा व्हिसाही नवऱ्याच्या नावावरचा. श्टुटगार्टने लिहिलं, इथे मला कामाची परवानगी आहे, पण भाषा नाही. त्याच पानावर दोन महिन्यांनी न्यू जर्सीने खाली लिहिलं, मला भाषा आहे, परवानगी नाही. ती एच-४ व्हिसावर होती. नवरा एच-१बीवर कामाला आणि बायको त्याच्या मागे, असा तो व्हिसा. त्यावर आलेल्या बाईला नोकरी करायची मुभाच नव्हती. मे २०१५ पासून काही जणींना परवाना मिळू लागला, पण नवऱ्याची ग्रीनकार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापुढे गेली असेल तरच. म्हणजे एम.एस.डब्ल्यू. झालेली, इंग्रजीत बोलणारी, दोन वर्षं वस्तीपातळीवर काम केलेली बाई, आणि तिला कुणी कामावर ठेवलं तर तो कायद्याचा भंग. आपण इथे म्हणतो, पोरगी अमेरिकेला दिली. 'दिली' हा शब्द किती खरा आहे बघा.

न्यू जर्सी म्हटलं की मला आनंदीबाई जोशी आठवतात. १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेला गेल्या तेव्हा आधी राहिल्या त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावी, कार्पेंटरबाईंच्या घरी. दोघींची ओळख झाली ती टपालाने. कार्पेंटरबाईंनी एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचलं आणि आपणहून लिहिलं. भेट होण्याआधी काही वर्षं नुसता पत्रव्यवहार चालला. गोपाळराव स्वतः पोस्टखात्यात नोकरीला होते, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या आणि त्यांच्या अस्थी परत त्या मैत्रिणीकडेच अमेरिकेत गेल्या. काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं. तेव्हा बायकांनी समुद्रापार एकमेकींना लिहिणं हे काही आमच्या पाच जणींचं नवल नाही.

आणि पुस्तकं देशोदेशी फिरवणं हेही नवल नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केला. लोक वाढदिवसाला वगैरे देणगी देतात, त्यातून २५ पुस्तकांची एक पेटी होते, ती एका गटात वाचली जाते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते. दुबई, टोकियो, नेदरलँड्स अशा ठिकाणी या पेट्या गेल्या आहेत. आमच्या दुबईला अशी पेटी मिळाली तेव्हा तिने लिहिलं होतं, आता साहेबांच्या टेबलावरून यायची गरज नाही, मराठी पुस्तक इमारतीत खाली मिळतं. मी तिला लिहिलं, पण त्या पुस्तकांत लिहायचं नाही हं, ती सगळ्यांची असतात.

वणीच्या पाळीत पुस्तक माझ्याकडे यायचं तेव्हा मी ते एकटी वाचत नसे. इथे जवळ चुनाभट्ट्यांवर काम करणाऱ्या बायकांचा आमचा एक गट आहे. दिवसभर चुन्यात हात, रात्री हाताला खोबरेल तेल. त्यांच्यातल्या दोघी ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या. संध्याकाळी मी थोडं वाचून दाखवायचे. कादंबरीपेक्षा त्यांना समासच आवडायचा. "वरचं राहू दे ताई, बाजूचं वाच," म्हणायच्या. कुठून कुठून आलेल्या बायकांचं लिहिणं ऐकून त्यांचं पहिलं आश्चर्य हे की परदेशातल्या बायकाही रडतात. पहिल्या वेळी तर एकीने विचारलं, "तिकडंबी सही नवराच करते का?" त्या स्वतः ग्रामपंचायतीच्या सदस्य आणि घरून आलेल्या कागदावर अंगठा. दुबईच्या व्हिसाचं मी समजावून सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे करतेच." १९९३ पासून पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांच्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. आणि सहीचा प्रश्न तिथेच. त्यांचं हे वाक्य मी समासात लिहून ठेवलं. दुबईने त्याखाली नुसती एक रेघ ओढून पाठवली.

२७ सप्टेंबर २०१८ ला कविता महाजन गेल्या. पुस्तक तेव्हा पुण्याकडे होतं. तिने पहिल्या पानावर तारीख लिहिली. बाकी काही लिहिलं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. मला ती टाळावीशी वाटते, म्हणून इतका वेळ इकडचं तिकडचं बोलले.

२०२० मध्ये करोनात सगळ्या देशांचं टपाल विस्कळीत झालं आणि पुस्तक श्टुटगार्टला अडकून पडलं. दीड वर्ष ते तिच्याकडेच होतं. २०२१ च्या शेवटी ते न्यू जर्सीला गेलं आणि तिथे दोन महिन्यांऐवजी सात महिने राहिलं. ग्रुपवर ती सगळ्यांच्या फोटोंना अंगठा दाखवायची, त्यामुळे आम्हाला काही वाटलं नाही. हे मी कबूल करते. कुटुंब सल्ला केंद्रात बसून रोज बायकांना विचारणारी मी, घरी सगळं ठीक ना, आणि माझ्या मैत्रिणीच्या अंगठ्यावर मी समाधानी होते.

जुलै २०२२ मध्ये पुस्तक वणीला आलं. यावेळी समासात तिचं लिहिणं फारच थोडं होतं. एरवी ती सगळ्यांत बडबडी. अर्ध्याच्या पुढे एका पानावर, शिवणीच्या बाजूला, अगदी बारीक अक्षरात तीन वाक्यं होती. पासपोर्ट याच्याकडे आहे. फोन रोज बघतो. आईला सांगू नका. तारीख नाही, गाव नाही.

मी ते पान तीनचार वेळा वाचलं. मग लगेच तिच्या आईला फोन लावायला घेतला. नंबर लावला आणि कट केला. पुण्याला फोन केला तर ती माझ्यावर ओरडली, "तिने लिहिलंय ना, नका सांगू म्हणून? तू केस हाताळतेस की गावजेवण घालतेस?" तिचं बरोबर होतं. दुबई म्हणाली, तिथल्या पोलिसांना कळवा. श्टुटगार्ट म्हणाली, पोलीस दारात आले आणि त्याने हसत दार उघडलं तर? रात्र रात्र आम्ही वाद घातला. आपल्याला शिकवलेलं असतं की बाईच्या गतीने जायचं, निर्णय तिचा. दुसऱ्याच्या केसमध्ये हे फार सोपं असतं.

त्याने पुस्तक चाळलं नसेल का? तिने नंतर सांगितलं, चाळलं होतं. पोस्टात टाकायला निघाली तेव्हा पानं फरफरवून पाहिली, आत चिठ्ठी आहे का म्हणून. चिठ्ठी नव्हती. बायकांनी कादंबरीच्या कडेला काय खरडलंय ते वाचायचा त्याला कंटाळा आला.

तोच कंटाळा आम्ही वापरायचं ठरवलं. फेऱ्याचा क्रम मोडून पुस्तक परत तिच्याचकडे पाठवायचं. न्यू जर्सीत 'मानवी' नावाची संघटना आहे, दक्षिण आशियाई बायकांसाठी १९८५ पासून काम करते. हिंसाचार सोसणाऱ्या आपल्याकडच्या बायकांसाठी अमेरिकेत उभी राहिलेली ही पहिली संघटना. तिचा नंबर आम्ही एका ठिकाणी न लिहिता तुकडे करून पानांच्या संदर्भासारखा लिहिला : पाहा पान अमुक, पाहा पान तमुक. त्या तीन वाक्यांशेजारी मी लिहिलं की पासपोर्ट नवऱ्याचा नसतो, तुझाही नसतो, १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे तो भारत सरकारची मालमत्ता असतो, आणि कुणी अडकवून ठेवला तर वकिलातीकडे दाद मागता येते. पुण्याने वाचून म्हटलं, किती कोरडं लिहिलंस. मग तिने खाली वसतिगृहातल्या खोलीचा नंबर लिहिला. बस, तेवढाच.

आम्ही धोका पत्करला हे खरं. त्याने यावेळी कंटाळा केला नसता तर? याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही, आणि तुमच्यापैकी कुणी असं करायचं म्हणाल तर मी आधी दहा प्रश्न विचारीन.

पार्सल पोचायला २३ दिवस लागले. रोज सकाळी केंद्रात जाऊन मी आधी पार्सलचा नंबर टाकून बघायची. समोर बायका बसलेल्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज कसा करायचा, संरक्षण अधिकारी कोण, हे मी त्यांना समजावायची आणि मध्येच मोबाइलकडे बघायची. एकीने विचारलंही, "ताई, तुमच्या घरी कोणी बिमार हाय का?" पोचल्याची नोंद दिसली. त्यानंतर चार महिने काही नाही. ग्रुपवर अंगठे.

डिसेंबरात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. ती होती. सार्वजनिक वाचनालयातून तिने त्या नंबरवर पहिल्यांदा फोन लावला आणि ठेवून दिला. दुसऱ्यांदाही ठेवला. तिसऱ्यांदा बोलली. पुढचं सगळं तिचं तिने केलं, तिथल्या बायकांच्या मदतीने, आणि ते सहा आठवड्यांत झालेलं नाही, दोन वर्षं चाललं. आज ती मुलासह वेगळी राहते आणि काम करते. प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून याहून जास्त बोलत नाही. इथे बोलू का म्हणून विचारलं तेव्हा म्हणाली, "बोल. पण मला बिचारी करू नकोस."

मी तिला विचारलं, त्या दिवसांत पुस्तक परत वाचलंस का? माझी अपेक्षा होती, हो म्हणेल. म्हणाली, "अजिबात नाही. वाचायला डोकं कुठे होतं? फळीवर होतं, तेवढं पुरे होतं." तेव्हा पुस्तकाने बाई वाचवली असं भाषण मला ठोकता येत नाही. आपल्या चळवळीतले काही मित्र विचारतात, वाचून काय होतं? मी म्हणते, मला माहीत नाही. मला एवढं माहीत आहे की तिच्या घरात येणारी प्रत्येक गोष्ट तपासली जात होती आणि ही एक गोष्ट सुटली.

इथे बसलेल्या आयांना मात्र दोनतीन गोष्टी सांगायच्या आहेत, कारण आता वणीसारख्या गावातूनही मुली बाहेर जातात. मुलगी जाते तेव्हा आपण लोणचं, पापड, कुंकू सगळं बांधून देतो. तिच्या पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स किती जणी घरात ठेवतात? व्हिसावर तिला काम करता येतं की नाही, हे लग्न ठरवताना किती जण विचारतात? मुलाचा पगार मात्र डॉलरमध्ये पाठ असतो. लग्नाची नोंदणी करून घ्या, दाखला तिच्याजवळ असू द्या आणि एक प्रत आपल्याजवळ. तिथल्या वकिलातीचा नंबर लिहून ठेवा. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या लग्नांतल्या तक्रारींसाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे, आणि परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' हे तक्रारीचं पोर्टल २०१५ पासून. दोन्हीकडे इथूनही, घरच्यांनाही तक्रार करता येते. हे नंबर मी दारातल्या टेबलावर ठेवले आहेत, जाताना घ्या.

फेरा अजून चालू आहे, पण आता सोपं राहिलेलं नाही. नोंदणीची बुक पोस्ट सेवा डिसेंबर २०२४ मध्ये टपालखात्याने गाजावाजा न करता बंद केली. छोटी मासिकं, छोटे प्रकाशक, आपल्यासारख्या संघटना, सगळ्यांनाच त्याचा फटका बसला. मग १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आलं : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. हे देशातल्या देशात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आयातकराचे नियम बदलल्यावर तिकडे जाणारी बहुतेक पार्सलं आपल्या पोस्टाने घेणंच थांबवलं, ती ऑक्टोबरात परत सुरू झाली. त्या दोन महिन्यांत काउंटरवरच्या त्याच ताई मला म्हणाल्या, "तुमचं फाटकं पुस्तक थांबलं का हो?"

फाटकं पुस्तक खरं तर न्यू जर्सीतच आहे. तिने मागून घेतलं, आम्ही दिलं. ही जी प्रत माझ्या हातात आहे ती नवी आहे, तिचे समास अजून कोरे आहेत. भट्टीवरच्या बायकांनी या वेळी अट घातली आहे की पुण्याला जाण्याआधी त्या लिहिणार, मी नाही. एकीला लिहिता येतं, बाकीच्या सांगणार आहेत. सोमवारी मी ती पोस्टात टाकीन. तोवर ती दारातल्या टेबलावर असेल. बाजूला पेन्सिल ठेवली आहे. पेनाने लिहू नका, मागच्या पानावर उमटतं.